लेकरू, करडू आणि पाट

आमच्या सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावातही आता ‘किड्स’ हा शब्द जिकडेतिकडे दिसू लागला आहे. बालवाडीला बालवाडी म्हणायची लाज वाटते, म्हणून तिच्या नावात ‘किड्स’ येतं. कपड्यांच्या दुकानात लहानांच्या कप्प्यावर ‘किड्स’ लिहिलेलं असतं. ज्या घरात इंग्रजीचं एक पुस्तक नाही, त्या घरातही वाढदिवसाच्या फोटोखाली हा शब्द येतो. आपल्या कानाला तो सुरुवातीला जरा विचित्रच लागला. कीड म्हटलं की आपल्याला कापसावरची अळी आठवते, आणि ती माणसांच्या लेकरांना कशी काय लावायची, असं आमच्या गटातल्या बायका हसून विचारत. पण शब्द रुळला. आता कुणी हसत नाही.

हा शब्द मला आवडत नाही म्हणून मी लिहायला बसलेले नाही. इंग्रजीनं आपलं काय बिघडवलं, हा माझा विषय नाही. पण या एका शब्दाला जे अनेक अर्थ आहेत, ते एकापुढे एक मांडत गेलं, की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मुलींची गोष्ट समोर येऊ लागते. म्हणून हा खटाटोप.

कुणी म्हणेल, मुलींची लग्नं होताहेत आणि ही बाई शब्दांचा कीस पाडत बसली आहे. पण शब्दांचं महत्त्व आपल्या चळवळीला नवं नाही. नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बाईला गाव ‘टाकलेली’ म्हणायचं. जणू ती वस्तू, आणि टाकणारा तिचा मालक. आपण ‘परित्यक्ता’ म्हणू लागलो, मग ‘एकल महिला’ म्हणू लागलो. शब्द बदलला म्हणून तिला लगेच जमीन मिळाली नाही, रेशनकार्ड मिळालं नाही. पण ते मागायला ती कुठल्या नावानं उभी राहणार, हे ठरलं. ज्याच्या तोंडी शब्द, त्याच्या हाती बरंच काही असतं.

आता ‘किड’कडे वळू. या शब्दाचा मूळ अर्थ शेळीचं पिल्लू, म्हणजे आपलं करडू. माणसाच्या मुलाला तो पुढे चेष्टेनं, बोलीभाषेत लावला गेला आणि मग घरोघर रुळला. शेळी व्याली हे सांगायलाही इंग्रजीत याच शब्दाचं क्रियापद वापरतात. करडाच्या मऊ कातड्यालाही तोच शब्द. त्या कातड्याचे हातमोजे बनत, आणि कुणाला फार जपून, हळुवारपणे वागवायचं असेल तर ‘किडचे हातमोजे घालून वागवणं’ असा वाक्प्रचार तिकडे झाला. थट्टा करणं, कुणाला बनवणं, हाही ‘किड’चाच एक अर्थ. आणि ‘किडनॅप’ हा शब्द तर आपल्या सगळ्यांना सिनेमांमुळे पाठ आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधली मुलं आणि माणसं पळवून अमेरिकेतल्या वसाहतींत मजुरीला पाठवत, त्या धंद्यातून तो जन्मला. पळवायचं ते मजुरीसाठी, हे त्या शब्दाच्या पोटात आहे. तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एका शब्दाच्या पोटात जनावराचं पिल्लू, माणसाचं लेकरू, मऊ कातडं, थट्टा आणि पळवापळवी असं सगळं मावलं आहे. प्रश्न असा की, कुठल्या मुलीच्या वाट्याला यातला कुठला अर्थ येतो?

आपल्या मराठीत एक गंमत आहे, तिच्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. आपल्याकडे लहान जीव नपुंसकलिंगी असतात. ते लेकरू, ते मूल, ते करडू, ते वासरू, ते कोकरू, ते रेडकू, ते शिंगरू. आधी नुसतं लेकरू असतं. नर की मादी, हा भेद नंतर येतो. वासराचा गोऱ्हा होतो किंवा कालवड होते. रेडकाचा रेडा होतो किंवा वगार होते. करडाचा बोकड होतो किंवा पाट होते. लेकराचा मुलगा होतो किंवा मुलगी होते. मला ही मोठी शहाणी सोय वाटते. बाई की पुरुष हे ओझं अंगावर पडण्याआधी काही काळ नुसतं लेकरू म्हणून जगायची मुभा आपल्या भाषेनं प्रत्येक जिवाला दिली आहे. भाषेनं दिली आहे, घरानं आणि गावानं किती दिली, ते बघू.

गेल्या वर्षी सोनपेठजवळच्या एका वस्तीवर बालविवाहावर आमची बैठक होती. बैठकीत आठवीतल्या एका मुलीनं मला ‘किड’ म्हणजे काय असं विचारलं. मी करडू असं सांगितलं, तर बसलेल्या सगळ्या बाया हसल्या आणि विषय शेळ्यांवर गेला. शेळी म्हटलं की आमच्याकडे प्रत्येकीला बोलायला असतं. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, पण शेळी बाईची. उस्मानाबादी काळी शेळी, पाच महिन्यांत विणारी, पुष्कळदा जुळी देणारी. जिला स्वतःची घेणं परवडत नाही, ती दुसऱ्याची शेळी अर्धलीनं सांभाळते आणि होणाऱ्या करडांत अर्धा वाटा घेते. लेकराची वही, दवाखाना, रेशन, सगळं त्या करडावर. त्यामुळे कुठलं करडू विकायचं आणि कुठलं ठेवायचं, याचा हिशोब बायकांना पक्का ठाऊक असतो. बोकड विकायचा, पाट ठेवायची. कळप पाटीवर वाढतो.

साठीच्या पुढच्या एका मावशींना मी विचारलं, “मावशी, पाट बोकडाला कधी लावायची?”

मावशी म्हणाल्या, “घाई करायची न्हाई माय. माजावर आली मनून लगेच लावायची नसती. आधी तिचं अंग भरू द्यावं. बारकी पाट गाभण राह्यली तर करडू बी मरतं अन् पाट बी हातची जाती. जिती राह्यली तरी खुरटी राहती, दूध न्हाई काही न्हाई.”

कुणी शिकवलेलं नाही, पण जनावरांचे डॉक्टरही हेच सांगतात. पाट दहा-बारा महिन्यांची व्हावी, वजन साधारण बावीस ते पंचवीस किलो भरावं, मगच तिला भरवावी. माजावर येणं म्हणजे तयार होणं नव्हे. हा नियम आमच्या भागात पाळला जातो, कारण न पाळणाऱ्याचं नुकसान होतं आणि ते लगेच दिसतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. पोरीला न्हाण आलं की आपण काय म्हणतो? ‘शहाणी झाली.’ आणि शहाणी झाली की? बैठकीत कुणी बोललं नाही. मावशीच हळूच म्हणाल्या, “तिथं मातर आपुन वजन बघत न्हाई.”

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानंतर माझं भाषण करायचं राहिलंच नाही. आपल्या जिल्ह्याचा आकडा आता सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं गेलं. अठराच्या आत लग्न झालेल्या देशात २३ टक्क्यांच्या आसपास निघाल्या, महाराष्ट्रात जवळपास २२ टक्के. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. राज्यात सगळ्यांत वर आपण. म्हणजे आपल्या गल्लीतल्या दोन तरुण सुनांपैकी एक सून लेकरू असतानाच सून झाली. आणि लहान वयातलं बाळंतपण पाटीला जे करतं, तेच पोरीला करतं: रक्त कमी, अडलेली बाळंतपणं, कमी वजनाची बाळं. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत जगभर गरोदरपणातली आणि बाळंतपणातली गुंतागुंत मोडते. आपल्या गोठ्यात जे शहाणपण आहे, ते आपल्या ओसरीवर का नाही?

याचं उत्तर ‘अज्ञान’ असं द्यायची शहरातल्या माणसांना सवय आहे. मला ते पटत नाही. ज्या बाईला पाटीचं कळतं, तिला पोरीचं कळत नाही असं कसं होईल? तिला कळतं. पण पाटीचा निर्णय तिच्या हातात आहे, पोरीचा नाही. पाट विकली तर पैसे तिच्या कनवटीला येतात. पोरगी मात्र पहिल्या दिवसापासून ‘परक्याचं धन’. पाट राखली तर कळप आपला वाढतो, पोरगी राखली तर वाढणारं घर दुसऱ्याचं. हा हिशोब बाईनं मांडलेला नाही. तो तिच्या जन्माआधीपासून मांडून ठेवलेला आहे, आणि तिच्या नावावर जमीन नाही तोवर तो बदलणार नाही.

दुसरं कारण ऊस. परभणी आणि बीड जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, कोयत्याला. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. तेव्हा पोरगा कमावता करायचा तर त्याला बायको हवी, आणि ती हंगामाच्या आधी हवी. अशा घाईच्या लग्नांना बीडकडे ‘गेटकेन’ लग्न म्हणतात. नावच कारखान्याच्या गेटावरच्या उसाचं. तिकडे पोरीच्या आईबापालाही टोळीबरोबर जायचं असतं. तेरा-चौदा वर्षांची पोर गावात एकटी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची, तर जीव टांगणीला. फडावर न्यायची, तर पालात ना दार ना कडी. मग आई म्हणते, कुणाच्या तरी पदरात टाकू आणि मोकळं होऊ. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी असतं, ते मी पाहिलं आहे.

तुम्हांला मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, तो ‘किडनॅप’ शब्द आता आठवा. लहान जीव उचलायचा तो मजुरीसाठी. इथे कुणी रात्रीतून पळवत नाही. वाजंत्री लावून नेतात. लग्नाच्या पहिल्याच हंगामात ती पोर पहाटे चारला उठून भाकरी थापते, मग दिवसभर मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. उचल घेतो नवरा किंवा सासरा, फेडते ती. तिला स्वतंत्र हजेरी नाही, कारण कोयत्याला हजेरी असते. धाकटी भावंडं सांभाळणारी बहीण तर त्याही हिशोबात नसते. ती राबते म्हणून आई ऊस तोडू शकते, पण तिच्या राबण्याला काम म्हणत नाहीत. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली, पण शाळा सांभाळून घरच्या कामधंद्यात मदत करायला मुभा राहिली. कागदावर ही सूट निरुपद्रवी दिसते. पण घरकाम, भावंडं, शेळ्या, पाणी, सरपण हे सगळं ‘मदत’ या एका शब्दात मावतं, आणि ती मदत करायला घरात नेमकी मुलगीच असते.

आता कायद्यातलं ‘किडनॅप’ बघू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत पालकाच्या ताब्यातून पळवून नेण्याचा गुन्हा होता. त्यात मुलाचं वय सोळा आणि मुलीचं अठरा धरलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे दोघांचं वय अठरा झालं. पण गाभा तोच आहे: गुन्हा होतो तो पालकाच्या संमतीवाचून नेलं म्हणून. मुलीची संमती विचारात घेतली जात नाही. आता दोन मुली डोळ्यांपुढे आणा. एक पंधरा वर्षांची, बापानं तिचं लग्न लावून दिलं. पालकाच्याच संमतीनं गेली, तेव्हा हे अपहरण नाही. दुसरी सतरा वर्षांची, आपल्या पसंतीच्या मुलाबरोबर निघून गेली. त्याच दिवशी बाप ठाण्यात हजर, ‘फूस लावून पळवून नेलं’ अशी तक्रार. मुलगा दुसऱ्या जातीचा असेल तर विचारायलाच नको.

बालविवाहाचा कायदा आहेच, तो वेगळा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण गावाच्या मनात पहिली गोष्ट म्हणजे कार्य आणि दुसरी म्हणजे कलंक. गुन्हा कुठला, हे मुलीच्या वयावर ठरत नाही, तिला कुणी दिलं यावर ठरतं.

माझं म्हणणं इथेच येऊन थांबतं. आपल्याकडे मुलगी लेकरू कधी असते आणि मोठी कधी होते, हे तिच्या वयानं ठरत नाही, मोठ्यांच्या सोयीनं ठरतं. लग्न लावायचं असेल तेव्हा ती ‘शहाणी झाली’, ‘अंगानं थोराड आहे’, ‘शोभते आता’. तिला शिकायचं असेल, लग्न नको असेल, किंवा कुणी पसंत असेल, की तीच मुलगी एका रात्रीत ‘लेकरू आहे, तिला काय कळतं’ अशी होते. पंधराव्या वर्षी संसार करायला ती मोठी असते, आणि एकोणिसाव्या वर्षी स्वतःचा जोडीदार निवडायला लहान. शब्द दोन आहेत, पण ते केव्हा वापरायचे हे ठरवणारा हात एकच.

ही ओढाताण आजची नाही. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झालं. मोठेपणी त्यांनी त्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. पुढे तडजोड झाली आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. वय किती, तर दहाचं बारा! त्यावरही धर्म बुडाला म्हणून पुण्या-मुंबईत किती गहजब झाला, ते आपण वाचलं आहे. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९४९ मध्ये ते पंधरा झालं, १९७८ मध्ये अठरा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक स्पष्ट केलं, की अठराखालच्या बायकोशी नवऱ्यानं केलेला संभोगही बलात्कारच. दहापासून अठरापर्यंत यायला शंभरावर वर्षं गेली, आणि परभणी जिल्हा अजून त्या रेषेपाशी अर्ध्यावरच उभा आहे.

मग वय एकवीस करावं का? २०२१ च्या डिसेंबरात तसं विधेयक लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपल्याबरोबर बारगळलं. काही मैत्रिणींना याचं वाईट वाटलं. मला नाही. अठराची रेषा पाळायची धमक नाही आणि एकवीसची आखायची, यानं पोरींच्या हाती काय येणार? अठरा ते एकवीसमधल्या मुलीला स्वतःच्या मर्जीनं लग्न करायचं असेल, तर बापाच्या हातात आणखी तीन वर्षं काठी येणार. मला मुलगी अठरापर्यंत पूर्ण लेकरू राहायला हवी आहे, आणि अठराव्या वर्षानंतर पूर्ण बाई, स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी. यातलं एक घेऊन दुसरं सोडून चालणार नाही.

‘किड’चे दोन अर्थ अजून राहिले, थट्टा आणि हातमोजे. शाळेच्या वाटेवर पोरीला पोरं अडवतात, काही बोलतात, ओढणी ओढतात. तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं, ‘गंमत केली, मनावर कशाला घेता?’ ती गंमत एका माणसाच्या शाळेचा शेवट करते, कारण दुसऱ्या दिवसापासून आई तिला पाठवत नाही. पोरांना मात्र मऊ हातमोजे. वय आहे, जाऊ द्या, शिकून शहाणे होतील. सतरा वर्षांचा पोरगा गंमत करायला लेकरूच, आणि तेरा वर्षांची पोरगी घरी बसवायला थोराड. लेकरू शब्द नपुंसकलिंगी असला, तरी त्याचा लाभ पुल्लिंगी निघाला.

आणि करडाच्या मादीला जो ‘पाट’ शब्द आहे, त्याचेही अनेक अर्थ आपण जाणतो. बसायचा पाट, पाण्याचा पाट. आणि विधवेचा किंवा सोडलेल्या बाईचा ‘पाट लावतात’ तो. पुरुषानं तीनदा केलं तरी लग्नच, बाईनं दुसऱ्यांदा केलं की पाट, कुठे मोहतूर. तोही रात्रीचा, चार माणसांत, वाजंत्रीशिवाय. पंधराव्या वर्षी लग्न झालेली पोर विसाव्या वर्षी दोन लेकरं कडेवर घेऊन माहेरी परतते, तेव्हा तिच्यासाठी हाच शब्द काढला जातो. पहिल्या लग्नाला तिला विचारलं नव्हतं, पाटाला तरी कोण विचारतं?

आता करायचं काय? पोलीस, एवढंच उत्तर मला पुरेसं वाटत नाही. लग्न मांडवात थांबवावं लागतं तेव्हा थांबवलंच पाहिजे. खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी कळवावं, १०९८ वर फोन करावा. पण लग्न थांबवून दुसऱ्या दिवशी आपण निघून आलो, तर आठ दिवसांनी ते दुसऱ्या तालुक्यात उरकलं जातं. ज्यांची लग्नं होऊन गेली आहेत, त्यांच्याकडे फक्त गुन्हा म्हणून पाहिलं तर दुसरंच संकट उभं राहतं. सोळा वर्षांची गरोदर पोर पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात नाव घालत नाही. तिला आधी दवाखाना मिळाला पाहिजे. आणि तिला हेही कळलं पाहिजे, की लहानपणी लावलेलं लग्न रद्द करून मागायचा हक्क तिला अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत आहे. २००६ च्या कायद्यातलं हे कलम आपल्या किती गटांत वाचून दाखवलं गेलं?

त्याहून मोठं काम हंगामाचं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहं ठरली. आपापल्या तालुक्यातलं मुलींचं वसतिगृह आपण जाऊन बघायला हवं: दार, कडी, संडास, रात्री कोण बाई असते, जेवण काय. टोळी निघायच्या आधी प्रवेश मिळतो की नंतर? नंतर मिळत असेल तर त्याचा उपयोग नाही, कारण लग्न आधीच लागलेलं असतं. दुसरी मागणी हजेरीची. कोयत्याला नको, बाईला तिच्या नावानं हजेरी आणि मजुरी द्या. एकट्या गड्याला अर्धा कोयता मानणं बंद झालं, तर पोराला हंगामापुरती बायको शोधायची गरज उरणार नाही. हे माझं मत आहे, आणि मुकादमांना ते आवडणार नाही. तिसरी गोष्ट एसटीची आणि शाळेची. आठवीनंतर शाळा दूर जाते, आणि पोरीची शाळा गाडीच्या वेळेवर तुटते. तालुक्याच्या डेपोत जाऊन गाडीची वेळ बदलून घेणं हे बालविवाहाविरुद्धचंच काम आहे, मग त्यावर आपला फलक असो वा नसो.

आणि गटात एक साधी गोष्ट करून बघा. बालविवाहावर व्याख्यान देण्याऐवजी शेळ्यांपासून सुरुवात करा. पाट कधी भरवायची, का थांबायचं, घाई केली तर काय होतं, हे बायकांनाच सांगू द्या. आपल्याला काही शिकवावं लागत नाही. ज्ञान त्यांच्याकडे आहे, अधिकार नाही. तो कसा मिळवायचा, यावर मग बोलणं सुरू होतं, आणि ते बोलणं पोरींच्या समोर व्हावं. आमच्या बैठकीतली आठवीतली मुलगी सगळं ऐकत होती. तिनं वहीत इंग्रजी शब्दापुढे दोन अर्थ लिहून घेतले, करडू आणि लेकरू, आणि मावशींना विचारलं, “मग माझं अंग कधी भरंल?”

मावशी म्हणाल्या, “तुझं तू सांगशील तवा.”

पुढच्या हंगामाच्या आधी तुमच्या गटात हा प्रश्न विचारला गेला, तर काय उत्तरं आली, ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.